सोळा तासांचं विमान आणि खिशातले पैसे : रिसोडहून अमेरिकेला जाणाऱ्या आई-बाबांसाठी

रिसोड तालुक्यात मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेलं घर आता नवलाईचं राहिलेलं नाही. सुनेचं बाळंतपण, नातवाचा वाढदिवस, नाहीतर ‘एकदा येऊन तर बघा’ असा आग्रह. कारण काहीही असो, तिकीट मुलगा काढतो, व्हिसाचंही तोच बघतो. आई-बाबांना घोर लागतो तो एकाच गोष्टीचा, की सोळा तास एका खुर्चीत बसून करायचं काय? हा घोर बोलून दाखवला की जाऊन आलेले नातेवाईक, दुकानदार आणि मोबाईलवरच्या जाहिराती मिळून हजारो रुपयांची यादी हातात ठेवतात. मानेची उशी, पॉवर बँक, हेडफोन, टॅबलेट. यातल्या बहुतेक वस्तूंवाचून काहीच अडत नाही. पैसे लावायचेच असतील तर विमानाच्या आदल्या दिवसावर आणि बसायच्या जागेवर लावा.

आधी तारखेचा घोळ मिटवून घेऊ. मुंबईहून बरीचशी लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर ‘१२ तारीख, रात्री १:३०’ असं असेल तर तुम्हाला विमानतळावर पोचायचंय ११ तारखेच्या रात्री नऊ-साडेनऊला. म्हणजे रिसोडहून ट्रॅव्हल्स धरायची ती १० तारखेच्या संध्याकाळची. बारा तारखेचं विमान म्हणून अकराच्या रात्री रिसोडहून निघालात, तर तुमची गाडी मुंबईच्या वाटेवर असतानाच विमान उडून जाईल. शिवाय २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. तिकिटावर कोणतं विमानतळ आणि कोणतं टर्मिनल लिहिलंय, ते मुलाला विचारून कागदावर मराठीत लिहून घ्या.

आता तास मोजा. दहाच्या संध्याकाळी सहाला निघालात, बाराच्या रात्री दीडला विमान सुटलं, सोळा तासांनी न्यूयॉर्कला उतरलात, तर तिथे उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजलेले असतील. रिसोडच्या घड्याळात तेव्हा बारा तारखेची संध्याकाळ, साडेपाच. घर सोडून जवळजवळ अठ्ठेचाळीस तास झाले, त्यातले विमानातले फक्त सोळा. कंटाळा आणि थकवा साचतो तो उरलेल्या बत्तीस तासांत, आणि दमलेल्या माणसाला विमानात ना झोप येते ना सिनेमा बघवतो.

म्हणून पहिला खर्च मुंबईतल्या त्या एका दिवसाचा. ठाणे-डोंबिवलीला भाचा-पुतण्या असेल तर प्रश्नच मिटला. तिथे अंघोळ, जेवण, दुपारची तीन-चार तासांची झोप. नसेल तर अंधेरी-सहार भागात दोन ते चार हजारांत दोघांपुरती खोली मिळते. हा खर्च आपल्याकडच्या माणसाच्या जिवावर येतो. ‘दिवसभरासाठी खोली कशाला, बसू की विमानतळावरच’ हे वाक्य ठरलेलं. पण बाहेर सामान राखत बसायचं आणि आत गेल्यावर दीड-दोनशे रुपयांचा चहा घ्यायचा, यापेक्षा ती खोली स्वस्त.

मुंबईला पोचायचे दोन मार्ग. रिसोडला रेल्वे नाही. ट्रॅव्हल्सचा स्लीपर साधारण हजार ते दोन हजार रुपये माणशी घेतो, दिवाळीत आणि लग्नसराईत त्याहून जास्त. नाहीतर एसटीने अकोला आणि तिथून विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुसरी रात्रीची गाडी. एसटीत बाईमाणसाला १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं आणि पंचाहत्तरीपुढे फुकट. दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र अकोल्याचा जिना-पूल नको, दारातून ट्रॅव्हल्सच बरी.

जागा आणि तिकीट

मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन तिकीट हंगामाप्रमाणे ऐंशी हजारांपासून दीड लाखापर्यंत फिरतं. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी धरलं तरी लाखाच्या तिकिटाला एकोणीस क्विंटल सोयाबीन लागतं. तेव्हा दहा-पंधरा हजार वाचत असतील तर मधे थांबणारं विमान घ्यावं असा मोह होणारच. नागपूरहून दोहामार्गे जाण्याचाही पर्याय आहे, त्यात मुंबईची वारी वाचते. तरुण जोडप्याला हे ठीक. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या, इंग्रजीची भीती असलेल्या साठीच्या जोडप्याला मधलं परकं विमानतळ, तिथली दुसऱ्या विमानाची धावपळ आणि पुन्हा तपासणी हेच सगळ्यात कठीण जातं. १९६० साली एअर इंडियाचं बोइंग न्यूयॉर्कला जाऊ लागलं तेव्हा ते लंडनला थांबत जायचं, बसल्या बसल्या अवघडलेली माणसं मधे पाय मोकळे करायची. आता थेट जाता येतं. परवडत असेल तर आई-बाबांसाठी तेच घ्यावं.

जागेचं म्हणाल तर खिडकी नको. दोघांच्याही गुडघ्यांना आणि लघवीच्या खेपांना कडेची, म्हणजे वाटेलगतची जागा सोयीची. आधीच जागा राखून ठेवायला विमान कंपनी काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत वेगळे पैसे घेते. ऑनलाइन चेक-इन साधारण एक-दोन दिवस आधी उघडतं, तेव्हा उरलेल्या जागांतली एक अनेकदा फुकट निवडता येते. पण दोघांना शेजारी बसायचं असेल तर हा जुगार खेळू नये, पैसे भरून मोकळं व्हावं. जास्त पैशांची, पाय लांबवता येणारी आपत्कालीन दारापाशी असलेली जागा ज्येष्ठांनी मागू नये. व्हीलचेअर किंवा मदत मागितलेल्या प्रवाशाला तिथे बसू देतच नाहीत.

व्हीलचेअर तिकिटासोबतच मागून ठेवावी, निदान ४८ तास आधी तरी. तिचे पैसे पडत नाहीत. गुडघ्याचा त्रास असेल तर लाजू नका. चालता येत असून केवळ रांग चुकवायची म्हणून मागू मात्र नका, ज्याला खरी गरज आहे त्याची खुर्ची अडते.

काय घ्यायचं, काय दुकानातच ठेवायचं

पॉवर बँक घेऊ नका. १०० वॉट-अवरपर्यंतची, म्हणजे साधारण २७ हजार एमएएचपर्यंतची, हातातल्या बॅगेत नेता येते. मोठ्या बॅगेत टाकली तर काढायला लावतात. पण आगीच्या भीतीने काही विमान कंपन्यांनी ती विमानात वापरायलाच मनाई केलीय. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून केली. लांबच्या विमानात खुर्चीला बहुधा यूएसबीचं भोक असतंच. दोनशे रुपयांची चांगली केबल पुरते.

कानाचं बघू. विमानात हेडफोन देतात, पण ते सोळा तास कानाला बोचतात. घरचा तारेचा, गोल पिनचा इअरफोन न्यावा, तीन-चारशेला मिळतो. बिनतारी इअरबड समोरच्या पडद्याला जोडले जातीलच असं नाही, आणि ते जोडायला दोन हजारांची डबी विकत घेणं म्हणजे उधळपट्टी. समोरच्या पडद्यावर मराठी सिनेमा असलाच तर एखाद-दुसरा. जुन्या विमानात पडदा बंदही असू शकतो. त्यामुळे आपली शिदोरी आपल्या फोनमध्ये हवी.

इथे एक खोच आहे. यूट्यूबवर बरेच व्हिडिओ पैसे न भरताही डाउनलोड होतात, पण फोन ४८ तासांच्या आत एकदा इंटरनेटला जोडला गेला नाही तर ते उघडत नाहीत. कीर्तनं, जुनी नाटकं घरच्या वायफायवर दोन दिवस आधी भरून ठेवली आणि मुंबईत फोनला नेट मिळालं नाही, की विमानात नेमका पडदा काळा. मुंबईतल्या खोलीत दुपारी पुन्हा एकदा सगळं उघडून बघा. प्रीमियम घेतलं तर महिना १४९ रुपये आणि मुदत बरीच मोठी. ऐकायचीच आवड असेल तर स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं आहेत. महिन्याची वर्गणी दीडशे ते तीनशेच्या घरात, आणि परत आल्यावर बंद करायला विसरायचं नाही. वाचणाऱ्याला ई साहित्य प्रतिष्ठानची मराठी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. पण सोळा तास फोनच्या पडद्यावर वाचण्यापेक्षा मी एखादा दिवाळी अंक घेईन. तीनशे-चारशे रुपये, बॅटरी लागत नाही, मधेच झोप लागली तरी पान तिथेच असतं.

आजीसाठी एक सुचवतो. फुलवाती. पिशवीत पन्नास रुपयांचा कापूस घ्या. त्याला सुई लागत नाही, कात्री लागत नाही, तपासणीत कोणी अडवत नाही. समोरचं ट्रे-टेबल उघडायचं, कापसाचा बोंडाएवढा पुंजका तळव्यावर पसरायचा, मधोमध चिमटीत धरून वर पीळ द्यायचा. हात चालू राहतात, डोळ्यांना ताण नाही, आणि तिकडच्या देव्हाऱ्याची महिनाभराची सोय होते.

पारायणाचा विचार शेगावच्या परिसरातल्या माणसाच्या मनात येणारच. गजानन विजय ग्रंथाचे एकवीस अध्याय सोळा तासांत आरामात होतात. फक्त एकासनी पारायणाचा हट्ट विमानात नको, कारण डॉक्टर नेमकं तेच करू नका म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एरवी धडधाकट माणसात तो सहा हजारांत एक इतका कमी आहे, पण हे विमानापुरतं नाही; बस, रेल्वे, मोटार सगळ्यांना लागू आहे. म्हणजे रिसोड-मुंबई ट्रॅव्हल्सचे तासही हिशेबात धरायचे. दोन-तीन अध्याय झाले की उठायचं, मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चक्कर मारायची, पाणी मागून प्यायचं. बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करायचे. शिरा फुगलेल्या असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे दाबमोजे घ्यावेत, सहाशे ते दीड हजार रुपये. हे पैसे कारणी लागतात. स्वतःच्या मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा झोपेची गोळी मात्र नको. बीपी-शुगरच्या गोळ्यांच्या वेळा तिकडच्या घड्याळाप्रमाणे कशा बदलायच्या, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवा.

मानेची उशी तीनशे ते आठशे. कडेच्या जागेवर डोकं टेकायला काही नसतं, तिथे उपयोगी. बाकी घरची शाल गुंडाळूनही चालते. शाल तशीही हवीच, आत गारठा असतो.

खाणं

जेवण तिकिटात असतं, दोनदा तरी, शिवाय मधे काहीतरी. शाकाहारी असाल तर मुलाला आधीच ‘एशियन व्हेजिटेरियन’ नोंदवायला सांगा. ‘हिंदू मील’ हे नाव वाचून फसू नका, त्यात मांसाहार असू शकतो. सोबत धपाटे, दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची कोरडी चटणी न्यायला हरकत नाही; पण लोणचं, तूप, दही हे पातळ पदार्थात धरतात आणि हातातल्या बॅगेत एका डबीत १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेतही नाही, त्यातल्या तेलाने पेट घेण्याचा धोका असतो. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखस घरीच ठेवा. तिथे तिच्यावर बंदी आहे, आणि नातवासाठी केलेल्या अनारशांवर काय लावलंय ते आठवून बघा. अमेरिकेत उतरताना फळं, बियाणं, ताजी पानं असतील तर सरळ सांगून टाकायचं. न सांगता सापडली तर शेकडो डॉलरचा दंड होतो.

तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांनी आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी सोळा तासांची तयारी आधीच करावी. विमानात थुंकायला जागा नाही, आणि काडीपेटी-लायटर तपासणीत काढून घेतात.

विमानातल्या वायफायवर पैसे घालवू नका. काही कंपन्या आता ते फुकट देतात. बाकीच्या ठिकाणी दहा-वीस डॉलर, म्हणजे साधारण हजार-दोन हजार रुपये घेतात आणि वेग यथातथाच. मुलाला विमान कुठे आहे ते त्याच्या फोनवर दिसतंच. तुम्हालाही समोरच्या पडद्यावरचा नकाशा फुकट दिसतो. तो बघत बसणं हा अनेकांचा आवडता विरंगुळा आहे, पण सारखा बघू नका, उरलेले तास हलता हलत नाहीत. न्यूयॉर्कला रात्र झाली की पडदा बंद करून झोपायचा प्रयत्न करावा.

परतीचं ट्रॅव्हल्सचं तिकीट विमान उतरायच्या त्याच रात्रीचं काढू नका. विमान दोन तास उशिरा आलं, इमिग्रेशन आणि बॅगांना आणखी दीड तास लागला, की गाडी गेली आणि पैसेही गेले. दुसऱ्या दिवशीचं काढा, मधली रात्र मुंबईत झोपून काढा; पूर्वेकडे येताना झोपेचा घोळ जास्त होतो, तेव्हा गावी आल्यावर पहिले चार-पाच दिवस बँकेचं किंवा शेताच्या व्यवहाराचं काम ठरवू नका.