घरावरील तबकडी उपग्रहाकडे कशी लावावी

गेल्या सुगीतील एक प्रसंग प्रथम सांगतो. डोंगराकडील एका वाडीत मोबाईलला धड रेंज मिळत नाही. म्हणून हवामानाची बातमी दूरदर्शनवरच पाहिली जाते. एका सायंकाळी जोराची सर आली व एका शेतकऱ्याच्या घरातील चित्र गेले. मुलाने छपरावर चढून तबकडी हलविली. सर लवकरच ओसरली, पण चित्र परतले नाही. तालुक्याहून कारागीर येईपर्यंत चार दिवस गेले. त्या अवधीत दिलेला पावसाचा इशारा त्या घरी पोहोचला नाही आणि कापून पसरलेले सोयाबीन भिजले. मी पाहणीस गेलो तेव्हा दाण्यास कोंब फुटले होते.

तबकडी लावण्याचे काम अवघड नाही. मात्र ते क्रमाने व सबुरीने करावे लागते. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ते स्वतः एकदा करून पाहावे व मग गावात दाखवावे.

उपग्रह कोठे असतो?

दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही. तिचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तोही फिरतो. म्हणून आपल्याला तो आकाशात एकाच जागी स्थिर भासतो. यामुळेच तबकडी एकदा नीट लावली की पुन्हा हलविण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेय दिशेस, बराच उंचावर येतो. दक्षिणेकडून पूर्वेकडे किती वळावे व क्षितिजापासून किती वर पाहावे, याचे स्थूल आकडे असे:

मुंबई : वळण ४९ अंश, उंची ५८ अंश
पुणे : वळण ४८ अंश, उंची ५९ अंश
कोल्हापूर : वळण ५१ अंश, उंची ६० अंश
छत्रपती संभाजीनगर : वळण ४४ अंश, उंची ५९ अंश
नागपूर : वळण ३५ अंश, उंची ६० अंश

आपल्या गावास जवळचे ठिकाण धरून काम सुरू करावे. इतर बहुतेक कंपन्यांचे उपग्रह निराळ्या ठिकाणी आहेत. त्यामुळे शेजाऱ्याची सेवा तीच असल्याची खात्री झाल्यावरच त्याच्या तबकडीवरून दिशा घ्यावी.

जागा व खांब

आग्नेयेस झाड, भिंत वा पाण्याची टाकी आड येणार नाही अशी जागा निवडावी. याची एक सोपी परीक्षा आहे. मार्चच्या मध्यास आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य जवळजवळ उपग्रहाच्याच जागी येतो. त्या वेळी तबकडीवर झाडाची सावली पडत असेल, तर उपग्रहाच्या लहरीही ते झाड अडवील.

खांब ओळंब्याने अगदी सरळ उभा करावा. खांब कलला असेल तर वळण व उंची यांचा मेळ बसत नाही आणि पुढील सर्व श्रम वाया जातात. विजेच्या तारांजवळ खांब उभारू नये. आभाळात विजा चमकत असताना छपरावर चढू नये.

दिशा व उंची

होकायंत्र, मग ते मोबाईलमधील असले तरी, लोखंडी खांब व पत्रे यांपासून काही पावले दूर उभे राहून वापरावे. लोखंडाने सुई फिरते. होकायंत्र नसल्यास अंगणात एक काठी सरळ रोवावी व तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळास टेकेल तेथे एक खूण करावी व दुपारनंतर पुन्हा टेकेल तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते. तिला काटकोनात काढलेली रेघ दक्षिण-उत्तर होय.

उंची ठरविताना पुष्कळांची फसगत होते. घरगुती तबकडीत लहरी पकडणारे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूस पुढे आलेले असते. त्यामुळे तबकडी ५९ अंश वर पाहत असली तरी तिचा पृष्ठभाग तितका आडवा दिसत नाही. उभ्या स्थितीपासून सुमारे ३५ अंशच मागे रेललेला दिसतो. तेव्हा डोळ्यावर न विसंबता मागील पट्टीवरील अंश पाहावेत.

सूक्ष्म जुळवणी

तार जोडताना सेट-टॉप बॉक्स बंद ठेवावा. नंतर बॉक्सवर सेवेची सध्याची फ्रीक्वेन्सी भरावी व सिग्नलचा पडदा उघडावा. त्यावर दोन पट्ट्या दिसतात. पहिली ‘स्ट्रेंग्थ’ची, ती नुसती तार जोडल्यानेही वर जाते, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवू नये. दुसरी ‘क्वालिटी’ची, तीच खरी.

एकाने तबकडीजवळ व दुसऱ्याने दूरदर्शन संचापुढे बसावे. नट हाताने हलविता येईल इतके सैल ठेवावेत. दोन फुटी तबकडीची कड एक सेंटिमीटर सरकली तरी रोख सुमारे दोन अंशांनी बदलतो आणि तेवढ्याने चित्र जाऊ शकते. म्हणून अर्धा सेंटिमीटर सरकवावे, मनात दहापर्यंत मोजावे, मग पुन्हा सरकवावे; बॉक्सला लहर ओळखण्यास तेवढा वेळ लागतो. एका उंचीवर काही न मिळाल्यास उंची एका अंशाने बदलून पुन्हा डावी-उजवीकडे शोध घ्यावा. क्वालिटी मिळाली की प्रथम वळण, नंतर उंची व शेवटी एलएनबी त्याच्या कड्यात किंचित पिळून पट्टी जास्तीत जास्त वर आणावी.

नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत व आवळताना पट्टी पाहत राहावे. काम पूर्ण झाल्यावर खांब व पकड यांवरून रंगाची एक सलग उभी रेघ मारावी; उंचीच्या पट्टीवरही खूण करावी. पुढे वाऱ्याने किंवा माकडांनी तबकडी हलली, तर रेघेशी रेघ जुळविताच काम बहुतेक होऊन जाते.

केव्हा हात लावू नये?

जोराच्या पावसात थेंब लहरी शोषून घेतात आणि चित्र जाते. हा तबकडीचा दोष नव्हे. पाऊस ओसरताच चित्र आपोआप येते. वर सांगितलेल्या मार्च व ऑक्टोबरमधील दिवसांत सूर्य उपग्रहामागे आल्याने काही मिनिटे चित्र जाऊ शकते. तेही आपोआप परतते. अशा वेळी पाना पेटीतच राहू द्यावा. आभाळ निवळून अर्धा तास झाला तरी चित्र न आल्यास प्रथम तारेचे जोड पाहावेत, नंतर रंगाची रेघ पाहावी, आणि रेघ सरकलेली आढळली तरच तबकडीस हात लावावा.

त्या वाडीत आता प्रत्येक खांबावर लाल रेघ आहे. येत्या सुगीपूर्वी आपल्या गावातील खांबांवरही ती ओढली जावी.