बोअरची वही बोअरजवळच लिहा

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, केज, धारूर या पट्ट्यात बोअरच्या कामांवर फिरताना मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. पाणी न लागल्यानं माणूस जेवढा अडचणीत येतो, तेवढाच तो चुकीच्या नोंदीनंही येतो. फरक एवढाच की कोरडा बोअर लगेच कळतो, चुकीची नोंद मात्र मोटर सोडताना, पाइपलाइन टाकताना किंवा शेजाऱ्यानं त्याच भरवशावर बोअर घेतल्यावर कळते.

केज तालुक्यातल्या एका वयस्क शेतकऱ्याच्या बोअरमध्ये मोटर ठरलेल्या खोलीपर्यंत जाईना. बिल ६०० फुटांचं होतं. आम्ही टेपला लोखंडी वजन बांधून आत सोडलं. ५२० फुटांच्या आसपास टेप सैल पडला. थोडा वर ओढून पुन्हा सोडला, परत तिथंच. गाडीवाल्याचं फोनवर म्हणणं, "खालचा तांबडा थर ढासळला असंल." म्हातारबांचं म्हणणं, "साहेब, एवढं मारलंच नाही त्यांनी." दोघांपैकी कुणाचंही खरं असू शकत होतं. ४५०-५०० फुटांच्या दरम्यान तांबडा, मऊ थर लागल्याची नोंद असती तर ढासळण्याला आधार होता. रॉड मोजून लिहिले असते तर खोलीचा वाद लगेच मिटला असता. दोन्ही नव्हतं. ८० फुटांचे पैसे गेले आणि खरं काय ते आजही कुणाला सांगता येणार नाही. बोअर झाल्यावर घेतलेलं माप फक्त आजची खोली सांगतं. त्या दिवशी किती मारलं होतं, हे त्या दिवशीची वहीच सांगते.

म्हणून गाडी शेतात लागली की आधी एका रॉडची लांबी टेपनं मोजा. बहुतेक रॉड २० फुटी असतात, पण ऐकीव आकडा लिहू नका. प्रत्येक रॉड उतरला की वहीत रेघ मारा. दर १० फुटांना बाहेर येणारा चुरा मूठभर घ्या, पिशवीत घाला, पिशवीवर खोली लिहा. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, तांबडा गेरू हे रंगावरून आणि बोटांनी चोळून कळतं. पाणी लागल्यावर वरचा गाळही खालच्या चुऱ्यात मिसळतो, म्हणून तिथून पुढचे नमुने चाळणीत धुऊन घ्या. पाणी किती फुटांवर लागलं ते वेगळं लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती फुटांवर स्थिरावलं ते वेगळं. या दोन आकड्यांची गल्लत मी शिकलेल्या माणसांच्या अहवालातही पाहिली आहे. नोंद ठेवणारा माणूस तुमचा असावा. फुटावर पैसे मिळणाऱ्याकडे वही देणं बरोबर नाही, तो कितीही प्रामाणिक असला तरी.

पाणी मोजताना तर सगळा अंदाजपंचे कारभार चालतो. "दोन इंची पाणी लागलं" असं सगळे म्हणतात, पण कशाचे दोन इंच? ९० अंशांच्या व्ही-नॉचवरून, म्हणजे पत्र्यातल्या इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेवरून, एक इंच उंचीनं पाणी वाहत असेल तर ते ताशी सुमारे ५०० लिटर भरतं. दोन इंच असेल तर ताशी सुमारे २,९०० लिटर. इंच दुप्पट झाले तर पाणी साडेपाच पटीहून जास्त वाढतं. अशा वेळी डोळ्यांनी अर्ध्या इंचाची चूक झाली तर ठिबकचं सगळं गणित कोसळतं. नॉच नसेल तर २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरतं, पण ते लगेच नाही, कॉम्प्रेसरनं पाणी बराच वेळ उपसल्यावर.

दुसऱ्यांच्या नोंदी तपासताना मी आधी जमिनीचा उतार बघतो. आपल्याकडे लाव्ह्याचे थर साधारण आडवे पसरलेले आहेत. बालाघाटच्या माथ्यावर एखादा तांबडा थर १५० फुटांवर लागला असेल, तर जमीन ५० फूट उतरल्यावर तोच थर साधारण १०० फुटांवर यायला हवा. माथ्यावरच्या आणि पायथ्याच्या बोअरला तेच थर त्याच खोलीवर लिहिलेले दिसले, तर तो कागद बहुतेक टेबलावर बसून भरलेला असतो. पाण्यासाठी असो, पुलाच्या पायासाठी असो की मातीच्या प्रदूषणाच्या तपासणीसाठी, अशा कागदावर एक रुपयाही लावू नये.

जागेची नोंदही नीट हवी. १८ अंश ४५ मिनिटं हे कुणी १८.४५ असं लिहिलं, तर केज भागातला बोअर सुमारे ३३ किलोमीटर दक्षिणेला, धाराशिव जिल्ह्यात जाऊन पडतो. फूट की मीटर हेही प्रत्येक आकड्यापुढे लिहा. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर मानलं आहे आणि अधिसूचित क्षेत्रात शेती-उद्योगासाठी तिला बंदी आहे. त्यामुळे कागदावर एक खोली आणि बिलात दुसरी, असेही बोअर मी पाहिले आहेत. यात नुकसान पुढच्या पिढीचं आहे, कारण ती याच कागदावरून पाण्याचा हिशोब मांडणार.

नीट नोंद काय देते, हे शेजारच्या लातूर जिल्ह्यात दिसतं. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी ६१७ मीटर खोल बोअर घेतला गेला. बेसाल्ट तिथं ३३८ मीटर जाड आहे, हे आज ठामपणे सांगता येतं ते खोलीनिशी लावलेल्या खडकाच्या नमुन्यांमुळे.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. फेल गेलेल्या बोअरची नोंद कुणीच ठेवत नाही. गावात पाणी लागलेले बोअर सगळ्यांना पाठ असतात, कोरडे मात्र विसरले जातात, आणि मग त्याच कोरड्या पट्ट्यात पुन्हा कर्ज काढून गाडी बोलावली जाते. कोरडा बोअर ही महागात विकत घेतलेली माहिती आहे. त्याची जागा, खोली, थर लिहा, एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, आणि बोअर उघडा सोडू नका. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलेले बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरण्याचे निर्देश दिले आहेत, लहान मुलं त्यात पडून दगावतात म्हणून.

यंदा गाडी बोलावणार असाल तर आदल्या दिवशी टेप, वही, पिशव्या आणि न पुसणारा पेन घेऊन ठेवा, आणि नोंद पूर्ण होऊन तुमची आणि गाडीवाल्याची अशा दोघांच्या सह्या झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.