हरवायला सगळ्यांनाच आवडतं

अगं, चार वर्षांच्या पोराला प्रभूची प्रार्थना पाठ होत नाही म्हणून एवढी रडवेली कशाला होतेस? सासूबाई दोन शब्द बोलल्या असतील, बोलू देत. त्यांच्या लहानपणी संडेस्कूलात वचन धडाधड म्हटलं की रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं. म्हणून त्यांना वाटतं, पाठांतर झालं म्हणजे श्रद्धा रुजली. त्यांच्याशी वाद घालू नकोस. संध्याकाळच्या प्रार्थनेला लेकाला त्यांच्या मांडीवर बसव. रोज कानावर पडलं की येईल त्याला.

मला सांगायचंय ते निराळंच आहे. तू म्हणालीस, "आधी थोडं खेळवते, मग बायबलची गोष्ट सांगते." हे 'मग' काढून टाक. खेळ ही काही गोष्ट ऐकून घ्यावी म्हणून दिलेली लाच नाही. या वयात गोष्ट खेळातूनच आत जाते.

हरवलेल्या मेंढराचंच घे. मंडीदीपच्या तुमच्या दोन खोल्यांत कुरण कुठून आणू, असं म्हणू नकोस. हिरवी चादर पसर, उशांचं कुंपण घाल, जुन्या मोज्यांत कापूस भरून चार मेंढरं कर. पाचवं मेंढरू तुझा लेक. तो लपेल, तू शोधायला नीघ. पलंगाखाली बघ, कपाटामागे बघ, पाय दिसले तरी दिसले नाहीत असं दाखव. सापडला की सरळ खांद्यावर घे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ तेच करतो बघ. मेंढराला रागवत नाही, का गेलास म्हणून विचारत नाही, खांद्यावर घेतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. मग शेवयांची खीर कर, तोही खेळाचाच भाग. लेक म्हणेल, "आई, परत." पुन्हा पुन्हा म्हणेल. मेंढपाळ व्हायला त्याला फारसा उत्साह नसेल, त्याला हरवायचंच असेल. तू कंटाळशील, तो कंटाळणार नाही. आपल्याला कुणीतरी शोधत येतं, हे त्याला प्रत्येक वेळी नव्याने पडताळून पाहायचं असतं.

आणि एवढं झाल्यावर "मग यातून आपण काय शिकलो?" असं चुकूनही विचारू नकोस. शिक्षिका असशील शाळेत!

हे माझ्याच डोक्यातून निघालेलं नाही हो. रोममध्ये 1954 साली सोफिया कावालेत्ती आणि जियाना गोब्बी या दोघींनी हेच सुरू केलं. एक हिब्रू शास्त्राची अभ्यासक, दुसरी माँटेसरी शिक्षिका. लाकडाचा छोटा मेंढपाळ, मेंढरं आणि वाडा मुलांच्या हाती द्यायचा, गोष्ट हळू आवाजात सांगायची आणि बाजूला व्हायचं. सहा वर्षांच्या आतली मुलं सगळ्यांत जास्त त्या मेंढपाळापाशीच रमतात, असं त्यांना दिसलं. महागडी खेळणी मात्र मागवत बसू नकोस. आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, पानं घेऊनच बालवाडी चालवली. तुझ्याकडे तर मोहरीचा डबा आहे. एक दाणा त्याच्या तळहातावर ठेव, फुंकरीने उडतो का बघू दे. चार दाणे कुंडीत पेरा. मोहरीच्या दाण्याचा दाखला रोप वर आल्यावर सांग, आधी नको.

राजस्थानातले रबारी मेंढरांचे कळप घेऊन तुमच्या मध्य प्रदेशात उतरतात. कधी हायवेला दिसले तर गाडी थांबवा. मेंढराला वास असतो, ते अंगाला घासून जातं, हे त्याला चित्रातून कळणार नाही.

नाताळच्या गोठ्यासाठी दिवाळीच्या किल्ल्याची माती जपून ठेव. तीच कालव, किल्ल्यावर पेरतो तसे अळीव पेर, हिरवळ तयार. मामाने नागपूरहून आणलेला तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलही गव्हाणीशेजारी खुशाल उभा कर. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली तर सांग, लूकने तिथे बैल लिहिलाच नाही, लोकांनीच मागाहून प्रेमाने आणून बांधलाय. बाळ येशू मात्र चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत डब्यात लपवून ठेव. वाट पाहणं हाही एक खेळच आहे. गाण्यासाठी मोबाइलवरच्या इंग्रजी कविताच कशाला हव्यात? ना. वा. टिळक फुलामुलांचे कवी. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची भजनं आहेत, टाळ घ्या आणि सगळे मिळून म्हणा.

काही गोष्टींना अजून हात लावू नकोस. वधस्तंभाचे खिळे, नरक, बुडणारी माणसं, यातलं काहीच नको. नोहाच्या तारवात तूर्त फक्त प्राणी चढवा. आणि "येशूबाप्पा बघतोय हं, दूध संपव," असं तू परवा म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. शोधायला येणाऱ्याला पहारेकरी करू नये गं.

आता शेजारच्या मुलांचं. ती खेळायला येतात, चादरीवर लोळतात, मेंढरं होतात, छानच आहे. पण त्यांच्या आयांना आधी सांग की आमच्याकडे येशूच्या गोष्टी खेळतात, चालेल ना? सरकारमान्य शाळेतसुद्धा पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, आपल्या संविधानाचं अठ्ठाविसावं कलमच आहे तसं. तुमच्याकडे तर 2021 पासून धर्मांतराचा कडक कायदा आहे, त्यात आमिषाचाही उल्लेख आहे. तुझी खीर निष्पाप आहे, मला ठाऊक आहे, पण गैरसमजाला वेळ लागत नाही. आणि कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या आईला न विचारता देवाचं काही शिकवायला मी तुला सांगितलं नसतं. एखादी नको म्हणाली तर त्या दिवशी लगोरी खेळा, आणि खीर तिच्याही लेकराला दे.