कण लहान, काम जलद

(प्रस्तुत पाठात सक्रिय कोळशाच्या कणांचा आकार आणि त्याचे कार्य यांचा संबंध सांगितला आहे.)

मुलांनो, कोळशाला हात लावला की हात काळे होतात. पण हाच काळा कोळसा पाणी स्वच्छ करतो, असे सांगितले तर तुम्हांला आश्चर्य वाटेल. १७८५ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे लोवित्स या रसायनशास्त्रज्ञाला आढळले, की कोळशामुळे द्रावणाचा रंग नाहीसा होतो.

हा रंग जातो कुठे? कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. म्हणून तो सच्छिद्र पदार्थ आहे. रंगाचे रेणू त्या छिद्रांच्या भिंतींना चिकटून बसतात. एका पदार्थाचे रेणू दुसऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागाला असे चिकटणे म्हणजे अधिशोषण होय.

नारळाच्या करवंटीच्या कोळशावर खूप उच्च तापमानाला वाफेची क्रिया केली, की त्यातील छिद्रे वाढतात. हाच सक्रिय कोळसा. त्याच्या १ ग्रॅममधील छिद्रांच्या भिंतींचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर असू शकते. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. अशा सात मैदानांएवढी जागा चिमूटभर कोळशात असते!

आता सांगा, कोळसा बारीक केला तर तो जास्त रंग धरील का? १ सेंटीमीटर बाजूच्या घनाचे बाहेरील पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १००० घन केले, तर ते ६० चौरस सेंटीमीटर होते. तुम्ही म्हणाल, "जागा दहापट झाली, मग रंगही दहापट धरला जाईल." पण थांबा! आतील शेकडो चौरस मीटर जागेपुढे ही वाढ अगदी नगण्य आहे. म्हणून एकूण रंग साधारणपणे तेवढाच धरला जातो.

मग फरक कशात पडतो? वेळात! मोठ्या तुकड्याच्या मध्यापर्यंत जाण्यासाठी रेणूंना लांब, अरुंद आणि वाकडी वाट चालावी लागते. तुकड्याचा आकार निम्मा केला, तर हा वेळ निम्मा नव्हे, सुमारे एक-चतुर्थांश होतो.

कधी कधी या वेळावर माणसाचा जीव अवलंबून असतो. काही प्रकारच्या विषबाधेत डॉक्टर सक्रिय कोळशाची बारीक पूड पाण्यात कालवून रोग्याला पाजतात. विष रक्तात जाण्याआधी ते कोळशाने धरले पाहिजे. तेथे मोठे दाणे उपयोगी पडणार नाहीत. मात्र प्रत्येक विषावर हा उपाय चालत नाही. म्हणून घरी कोळसा खाऊ घालू नका. रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्या.

याउलट, १९१५ साली पहिल्या महायुद्धात रशियन शास्त्रज्ञ झेलिन्स्की यांनी विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा तयार केला. त्यात सक्रिय कोळशाचे दाणे होते. तेथे पूड ठासून भरली असती, तर विषारी वायू अडला असता. पण सैनिकाचा श्वासही अडला असता! पाणी गाळण्याच्या अनेक यंत्रांतही याच कारणासाठी दाणे वापरतात. पाणी त्यांच्या फटींतून सहज वाहते.

तेव्हा मुलांनो, लहान कण चांगला की मोठा? याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. घाई असेल तेथे पूड हवी. वाट मोकळी ठेवायची असेल तेथे दाणे हवेत.

शब्दार्थ
सच्छिद्र – छिद्रे असलेला
नगण्य – मोजण्याइतकेही नसलेले
याउलट – याच्या विरुद्ध

स्वाध्याय
१. अधिशोषण म्हणजे काय?
२. कोळसा बारीक केल्याने कोणता फरक पडतो?
३. कारण लिहा : मुखवट्यात कोळशाची पूड न भरता दाणे भरले.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : बारीक, स्वच्छ, अरुंद.