जुन्या व नव्या आवृत्त्यांत चालणारे मॅक्रो

चेन्नईहून बंगळूरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे चाळीस किलोमीटर गेले म्हणजे श्रीपेरुंबुदूर लागते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव शतकानुशतके प्रसिद्ध आहे. अलीकडे त्याला दुसरीही ओळख लाभली. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९८ मध्ये ह्युंदाईच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले. २००६ मध्ये नोकियाचा कारखाना आला आणि २०१४ मध्ये तो बंदही पडला. अशा मोठ्या कारखान्यांच्या आश्रयाने सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने उभे राहतात. त्यांपैकी एखाद्याच्या वेतन-विभागाची कल्पना वाचकांनी करावी. हजेरी नोंदविणाऱ्या कारकुनाच्या संगणकावर एक्सेलची २००३ ची आवृत्ती आहे, हिशेबनिसाच्या संगणकावर २०१० ची आणि लेखापरीक्षकाकडे अगदी अलीकडची. तक्ता एकच, तो तिघांच्या हातांतून जातो आणि महिनाअखेरीस त्यावरून कामगारांचे वेतन ठरते.

या तक्त्यात जे मॅक्रो असतात ते म्हणजे नेहमीच्या कामाच्या पायऱ्या एकदाच लिहून ठेवलेली छोटी आज्ञावली होय. (मॅक्रो या शब्दाला प्रतिशब्द घडविता येईल, पण कारखान्यातील कारकून मॅक्रोच म्हणतो, तेव्हा येथेही तोच शब्द ठेवला आहे.) १९९३ मध्ये एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीबरोबर व्हिज्युअल बेसिकची भाषा त्यासाठी उपलब्ध झाली आणि तीत लिहिलेले पुष्कळसे मॅक्रो आजही चालतात. अडचण उरलेल्यांची आहे. त्यातही जे अडखळून थांबतात त्यांची कमी आणि जे न थांबता चुकीचे उत्तर देतात त्यांची अधिक.

२००३ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका पानावर ६५,५३६ ओळी व २५६ स्तंभ असत. २००७ मध्ये ओळी १०,४८,५७६ आणि स्तंभ १६,३८४ झाले. जुन्या मॅक्रोत शेवटची भरलेली ओळ शोधण्यासाठी ६५,५३६ व्या ओळीपासून वर चढत जाण्याची रीत होती. नव्या पानावर हजेरीच्या सत्तर हजार सलग नोंदी असतील, तर ती ओळ स्वतःच भरलेली असते. मग वर चढणारी आज्ञा थेट भरलेल्या भागाच्या माथ्यावर जाऊन थांबते आणि मॅक्रोला वाटते की तक्त्यात एकच ओळ आहे. यानंतर नवी नोंद दुसऱ्या ओळीवर, जुनी पुसून, लिहिली जाते. उपाय सोपा आहे. आकडा लिहू नये. ज्या पानावर काम चालले आहे त्या पानालाच त्याच्या ओळींची संख्या विचारावी. जुन्या पद्धतीची फाइल नव्या आवृत्तीत उघडली असता तिचे पान ६५,५३६ हेच उत्तर देते, म्हणून प्रश्न नेमक्या त्या पानालाच विचारला पाहिजे.

या मर्यादेचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे इंग्लंडमध्ये दिसून आले. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात करोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी अहवालातून गळाल्या, कारण प्रयोगशाळांची माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलींत भरली जात होती आणि जागा संपल्यावर पुढच्या नोंदी मुकाट्याने सुटत होत्या. रुग्णांना स्वतःचे निकाल कळले होते. त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध मात्र लांबला.

स्तंभ वाढल्यामुळे होणारा घोटाळा याहून गुप्त असतो. जुन्या आवृत्तीत शेवटचा स्तंभ 'आयव्ही' होता. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीचा दर ज्या चौकटीत असे तिला 'पीएफ१' असे नाव खुशाल देता येई. नव्या आवृत्तीत स्तंभ 'एक्सएफडी'पर्यंत गेले आणि 'पीएफ१' हा एका खऱ्या चौकटीचा पत्ता झाला. फाइल नव्या पद्धतीत बदलताना एक्सेल त्या नावाआधी अधोरेषा जोडते व पानावरील सूत्रेही सुधारते. मॅक्रोत अवतरणचिन्हांत लिहिलेले नाव मात्र तसेच राहते. मॅक्रो आता दूरच्या, रिकाम्या चौकटीतून दर वाचतो. बारा टक्क्यांच्या दराने दहा हजारांच्या मूळ वेतनावर १,२०० रुपये कापले जावयास हवेत, तेथे शून्य कापले जाते. हाती पगार जास्त आला म्हणून कामगारही तक्रार करीत नाही! चौकटींना 'निधीचा_दर' अशी लांब, अधोरेषा असलेली नावे दिली की हा प्रसंग टळतो. दर वाचल्यावर तो शून्याहून अधिक आहे की नाही हे तपासणारी एक ओळही घालावी आणि नसेल तर मॅक्रो तेथेच थांबवावा.

चौसष्ट-बिटी ऑफिस २०१० मध्ये आले. विंडोजच्या अंतर्गत सेवा मागणाऱ्या घोषणांत तेथे 'पीटीआरसेफ' हा शब्द लागतो आणि २००३ ला तो ठाऊकच नाही. अशा वेळी 'व्हीबीए७' या खुणेवर आधारित सशर्त संकलन वापरून दोन्ही रूपे एकाच ठिकाणी लिहावीत. लागू नसलेले रूप संपादकात तांबड्या अक्षरांत दिसले तरी घाबरू नये. ते संकलित होत नाही.

आवृत्तीचा क्रमांक विचारून मार्ग निवडण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो क्रमांक अक्षररूपात मिळतो, आणि अक्षरांच्या तुलनेत '९.०' हे '१२.०' पेक्षा मोठे ठरते. म्हणून आधी त्याची संख्या करावी लागते. एवढे करूनही २०१६, २०१९ व २०२१ या तिन्ही आवृत्त्या '१६.०' असेच सांगतात, आणि 'एक्सलुकअप' हे फल मात्र त्यांपैकी २०२१ मध्येच आहे. तेव्हा क्रमांकापेक्षा क्षमता विचारणे बरे: हवे ते फल एकदा वापरून पाहावे, त्रुटी आली तर जुन्या मार्गाने जावे.

लेखन सर्वांत जुन्या आवृत्तीत करावे, कारण नव्यात लिहिताना कोणती सोय नवी हे हाताला समजत नाही. मग तिन्ही संगणकांवर एकच चाचणी-तक्ता चालवून पाहावा. त्यात ज्यांची कपात आधी कागदावर काढून ठेवली आहे असे चार-पाच कामगार असावेत. आणि नव्या पद्धतीच्या फायलीत त्यांपैकी एकाची नोंद ६५,५३६ व्या ओळीच्या खाली असावी.