बंबाचा वारसा

प्रस्तावना

आग लागली, की आपल्या शहरांतून 101 हा क्रमांक फिरवला जातो आणि अग्निशमन दलाचे वेतनधारी जवान बंब घेऊन धावून येतात. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात लोक 132 हा क्रमांक फिरवतात. परंतु तेथे आग विझवण्यासाठी येणारी माणसे वेतन घेत नाहीत. हे काम ती स्वेच्छेने करतात, आणि कित्येक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते. या परंपरेची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

पाठ

मराठीतील ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘बोंबा’ या शब्दावरून आला. स्पॅनिश भाषेतही हाच शब्द आहे आणि त्यावरून आग विझवणाऱ्याला ‘बोंबेरो’ म्हणतात. चिलीमधील बोंबेरो हा एरवी शिक्षक असतो, सुतार असतो, डॉक्टर किंवा विद्यार्थी असतो. सूचना मिळताच तो हातातले काम टाकून निघतो. वेतन तर दूरच, उलट आपल्या तुकडीला तोच दरमहा वर्गणी देतो. बंब चालवणारा चालक मात्र बहुधा पगारी असतो.

या सेवेचा उगम दुःखात आहे. डिसेंबर 1850 मध्ये वाल्पाराईसो या बंदरात मोठी आग लागली. तिच्यापासून धडा घेऊन नागरिकांनी 30 जून 1851 रोजी देशातील पहिले स्वयंसेवी दल उभारले. व्यापारानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा समाजांनीही आपापल्या तुकड्या स्थापन केल्या. पुढे 8 डिसेंबर 1863 रोजी राजधानी सांतियागो येथील एका चर्चमध्ये उत्सवाच्या दिवशी दिव्यांमुळे आग भडकली. दाराशी माणसांचा ढीग साचला, वाट बंद झाली आणि सुमारे दोन हजार जीव गेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अवघ्या बारा दिवसांनी, 20 डिसेंबरला, सांतियागोचे दल स्थापन झाले. आज देशभरात अशी तीनशेहून अधिक दले आहेत.

बोंबेरोच्या घरातील मूल भोंग्याच्या आवाजातच वाढते. जेवणाच्या ताटावरून उठून गेलेला बाप, त्याची वाट पाहत जागी राहिलेली आई आणि पहाटे परतलेल्या कपड्यांना येणारा धुराचा वास, हे सारे त्याच्या ओळखीचे असते. मोठे झाल्यावर ते किशोरांच्या पथकात जाते, नळी गुंडाळायला व शिडी लावायला शिकते. पुढे कित्येक तरुण आळीपाळीने रात्री तुकडीच्या ठाण्यातच झोपतात. अलीकडच्या दशकांत मुलीही या कामात मोठ्या संख्येने उतरल्या आहेत.

तथापि, हा वारसा घर किंवा शेतजमीन यांच्यासारखा आपोआप हाती येत नाही. आजोबांनी पन्नास वर्षे सेवा केली असली, तरी नातवाला रीतसर अर्ज करावा लागतो, तुकडीच्या सभासदांनी त्याला स्वीकारावे लागते आणि मग तो शपथ घेतो. नाव घराण्याचे असले, तरी निर्णय ज्याचा त्यानेच करायचा असतो.

त्या निर्णयाची किंमत सर्वांना ठाऊक असते. 8 डिसेंबर 1870 रोजी, चर्चच्या आगीला बरोबर सात वर्षे झाली त्या दिवशी, सांतियागोच्या नाट्यगृहाला आग लागली. तीत इटलीहून आलेला हेरमान तेंदेरिनी हा स्वयंसेवक मृत्युमुखी पडला. तो या दलाचा पहिला हुतात्मा होय. बोंबेरोची अंत्ययात्रा परंपरेने रात्री, मशालींच्या उजेडात निघते. अनेक तुकड्यांत हजेरी घेताना आजही हुतात्म्याचे नाव पुकारले जाते आणि उपस्थित उत्तर देतात, “सेवा बजावताना मृत्यू.”

आता आगीचे रूप पालटले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वाल्पाराईसो प्रांतातील वणव्यांत 130हून अधिक माणसे दगावली. एवढ्या मोठ्या संकटाचा भार विनावेतन राबणाऱ्या माणसांवर टाकणे योग्य आहे काय, हा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. शासनाचे अनुदान आणि जनतेची देणगी मिळाली, तरी घरी वाट पाहणाऱ्यांची काळजी त्यामुळे कमी होत नाही. म्हणूनच या वारशाचे मोल घराण्याच्या अभिमानात शोधू नये. आईने काढलेल्या जागरणांची पूर्ण जाणीव असूनही भोंगा वाजताच जो दार उघडून बाहेर पडतो, त्याच्या स्वतंत्र निश्चयात ते आहे.

शब्दार्थ

वेतनधारी – पगार घेऊन काम करणारा
वर्गणी – सभासदाने नियमित द्यायची रक्कम
हुतात्मा – कर्तव्यासाठी प्राण देणारा
वणवा – रानात पेटलेली आग

स्वाध्याय

1. सांतियागोचे दल कोणत्या घटनेनंतर स्थापन झाले?
2. ‘हा वारसा आपोआप हाती येत नाही’ असे लेखकाने का म्हटले आहे?
3. तुमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एखादे काम तुम्ही स्वीकाराल का? आपले मत आठ-दहा ओळींत लिहा.