पडीक खाचरात निलगिरी नको

मृग तोंडावर आला की मिरा-भाईंदरमधल्या राई, मुर्धा, मोर्वा, उत्तनकडच्या पडीक खाचरांत ‘काहीतरी लावून टाका’ अशी टूम निघते. जैवइंधनाच्या नावाखाली ते काहीतरी म्हणजे निलगिरी: चार-पाच वर्षांत तोडा, लाकूड बॉयलरला द्या, वर पर्यावरणाचे पुण्य. या हिशोबात हवा धरलेलीच नाही. निलगिरी, पॉप्लर, विलो या झपाट्याने वाढणाऱ्या जाती उन्हात आयसोप्रीन नावाचा वायू भरपूर सोडतात. वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि कडक ऊन यांची गाठ पडली की त्यातून जमिनीलगत ओझोन तयार होतो. लँकेस्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये युरोपपुरते गणित मांडले. 2020 चे जैवइंधनाचे उद्दिष्ट गाठण्यासाठी अशी झाडे लावली, तर वर्षाला सुमारे 1,400 अकाली मृत्यू आणि गहू-मक्याचे दीड अब्ज डॉलरचे नुकसान, असा त्यांचा अंदाज होता. मिरा-भाईंदरचा आकडा वेगळा असेल, रसायन तेच आहे. घोडबंदर रस्ता आणि अहमदाबाद महामार्ग धूर पुरवतातच. आयसोप्रीनची भर आपण होऊन कशाला घालायची?

ओझोन पानाच्या रंध्रांतून आत शिरतो. वालाच्या जुन्या पानांवर, शिरांच्या मधल्या भागात, वरच्या अंगाला बारीक तांबूस-तपकिरी ठिपके उमटतात. खालची बाजू स्वच्छ असते. कोळी पडला असेल, तर पान उलटून भिंगाने पाहिल्यावर तो दिसतो, कधी जाळीही दिसते. पण पान उलटतो कोण? ठिपका दिसला की फवारा, नाही गेला की दुसरे औषध, तेही हरले की ताक-हिंग. दुकानातल्या कुठल्याही कीटकनाशकाने ओझोन जात नाही, पैसे मात्र जातात.

लाकूड जाळून सुटलेला कार्बन पुढची झाडे परत ओढून घेतात, हा प्रतिवाद तोडणी-वाहतुकीचे डिझेल सोडले तर बराचसा खरा आहे. पण ओझोन त्या वहीत लिहिलाच जात नाही. आयसोप्रीन इतरही काही झाडे सोडतात, हेही खरे. मात्र बांधावरची चार मिश्र झाडे वेगळी आणि एकाच जातीचा सलग पट्टा वेगळा. राहिला पैसा. नाशिक जिल्ह्यात 1980 च्या दशकात शेतकऱ्यांनी हौसेने निलगिरी लावली, सहकारी संस्था काढली, आणि माल एकदम बाजारात आल्यावर भाव कोसळले. मोगली एरंडाचेही तेच. 2009 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले, डिझेलमध्ये ते उतरले नाही.

इंधनच हवे असेल, तर पेंढा, तूस, नारळाची सोडणे आणि भाजीचा पाला आधी वापरा. ओला कचरा बायोगॅसला चालतो. राब भाजून तोच माल धुरात घालवायचा आणि वर इंधनासाठी झाडे लावायची, हा उलटा कारभार आता बंद करा. खाडीकाठच्या तिवरांना तर हात लावूच नका; 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची तोड निषिद्ध आहे. निलगिरीची रोपे मागवली असतील, तर ती या पावसात लावू नका.